सदतीस नंबरचा आवाज

गेल्या वर्षी मी एक खोटं बोललो. शब्द दोनच होते: 'मीच वाजवलं.' त्याने कुणाचे पैसे बुडाले नाहीत, कुणाची नोकरी गेली नाही, कुणाला ते कळलंसुद्धा नाही. तरी पुढचे चार महिने ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. हा लेख त्या दोन शब्दांबद्दल आहे. पण आधी एका आवाजाबद्दल सांगावं लागेल, कारण सगळी भानगड तिथून सुरू झाली.

तो आवाज तुम्ही शेकडो वेळा ऐकला आहे. संथ गाण्याचं पहिलं कडवं चालू असतं, गायकाचा आवाज पुढे, गिटार जराशी मागे, आणि चारच्या ठेक्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर एक लाकडी 'टक' येत असतो. मग धृपद येतं, ड्रमर तीच काठी उचलून स्नेअर ड्रमच्या मधोमध मारतो, आणि एखाद्या खोलीची खिडकी उघडावी तसं गाणं मोठं होतं. त्या आधीच्या 'टक'ला क्रॉस-स्टिक किंवा साइड स्टिक म्हणतात. आपल्याकडे बरेच जण त्यालाच रिमशॉट म्हणतात, पण रिमशॉट वेगळा. त्यात काठी हेडवर आणि धातूच्या कडेवर एकाच वेळी आदळते आणि आवाज कानठळ्या बसवतो. क्रॉस-स्टिक त्याच्या अगदी उलट स्वभावाचा.

क्यूबाच्या संगीतात क्लावेस नावाच्या दोन लाकडी दांड्या एकमेकींवर वाजवतात. ड्रमसेटवर बसलेल्या माणसाला तसा कोरडा लाकडी आवाज हवा असेल, तर काठी आडवी ठेवून रिमवर वाजवणं हा सगळ्यात जवळचा मार्ग. ब्राझीलच्या बोसा नोव्हात हा 'टक' जवळजवळ कणाच आहे. १९६४ साली आलेल्या 'गेट्झ/जिल्बेर्तो' या गाजलेल्या तबकडीवर ड्रम वाजवणारा मिल्टन बनाना त्यातला उस्ताद. जमैकात बॉब मार्लीच्या मागे बसणाऱ्या कार्लटन बॅरेटने याच आवाजावर रेगेचा ठेका तोलून धरला. आणि मुंबईत बोंगो, मराकस वगैरे लॅटिन तालवाद्यं हिंदी सिनेमाच्या संगीतात रुळवण्यात कावस लॉर्ड या पारशी वादकाचा मोठा वाटा होता. त्यांची मुलं केरसी आणि बुजी यांनीही पुढे दशकानुदशकं तेच काम केलं. आपण गुणगुणतो ती गाणी, पण पाय हलतो तो या लोकांमुळे.

मी ड्रम शिकतो खोताच्या वाडीत. माझं घर गिरगावातच, वाडीपासून चालत सात मिनिटांवर, चाळीत. चाळीत ड्रमसेट ठेवणं म्हणजे शेजाऱ्यांशी युद्ध पुकारणं. शिवाय ठेवायचा कुठे? त्यामुळे नोकरीला लागल्यावर मी शिकायचं ठरवलं तेव्हा ज्याच्याकडे ड्रम आहे असाच गुरू शोधणं भाग होतं. वाडीतल्या एका जुन्या लाकडी घराच्या तळमजल्यावर असे एक गृहस्थ भेटले. त्यांना सगळे अंकल म्हणतात, मीही तेच म्हणतो, आणि इथेही तेवढंच म्हणेन. वय ऐंशीच्या आसपास. तरुणपणी लग्नांत, क्लबांत वाजवायचे, आणि नंतर बरीच वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगना साइड रिदमला जायचे. साइड रिदम म्हणजे मुख्य तबला-ढोलक-ड्रम सोडून बाकी जे काही खुळखुळतं, टकटकतं, घासतं ते सगळं.

खोताची वाडी आता छायाचित्रकारांची लाडकी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथल्या जागा द्यायला सुरुवात केली, आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरं बांधली. लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने, दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतील एवढ्याच गल्ल्या. एके काळी पासष्टच्या आसपास असलेल्या घरांपैकी निम्मीही उरलेली नाहीत. माझे आजोबा ज्या अनंताश्रमात मासे खायला जायचे ती खानावळही बंद झाली. पण शिकणाऱ्या ड्रमरच्या दृष्टीने वाडीचं महत्त्वाचं वैशिष्ट्य वेगळंच आहे: समोरच्याचं दार सहा फुटांवर आहे आणि मधे लाकूडच लाकूड. म्हणून अंकलचा पहिल्या दिवसापासूनचा नियम असा, की रात्री आठनंतर स्नेअरवर मारायचं नाही. आठनंतर फक्त टक.

मी ऑफिसातून पोचतो साडेसातला. म्हणजे अर्धा तास ड्रम आणि पुढचा तासभर क्रॉस-स्टिक. पाडव्याच्या शोभायात्रेत ढोल-ताशांनी दणाणणाऱ्या, गणपतीत दहा दिवस झोप न घेणाऱ्या गिरगावात मी शिकलो ते मुख्यतः हळू वाजवायला.

आणि ते मला जमत नव्हतं.

वरवर पाहता त्यात न जमण्यासारखं काही नाही. डाव्या हातातली काठी उलटी करायची, म्हणजे तिचं जाड बूड रिमच्या बाहेर जाईल. टोक हेडवर टेकवायचं, तळहाताचा खालचा भाग हेडवर विसावू द्यायचा. मग टोक बिजागरीसारखं जागेवर ठेवून फक्त बुडाकडची बाजू उचलायची आणि रिमवर सोडायची. झालं. पण काठी दोन बोटं जास्त बाहेर गेली तर आवाज बोदा होतो, दोन बोटं आत आली तर किरटा होतो. हात हेडवर जास्त दाबला तर आवाजातला जीव जातो. टोक चुकून किंचित उचललं गेलं तर 'टक'च्या जागी 'थप' येतो, कारण रिमच्या जोडीला हेडही वाजतं. खालच्या तारा खरखरतात ते वेगळंच.

मी इंजिनिअर असल्यामुळे साहजिकच आधी गणित मांडलं. दोन्ही टोकं मोकळी असलेली सरळ, एकसारख्या जाडीची दांडी कंप पावते तेव्हा मूळ कंपनात तिच्या लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर, दोन्ही बाजूंना, एकेक स्थिर बिंदू असतो. माझी काठी १६ इंची, म्हणजे टोकापासून साडेतीन इंचांच्या आसपास. मी पेन्सिलने खूण केली. अंकलने खूण पाहिली, काठी हातात घेतली, खुणेपासून अर्ध्या इंचावर एकदा टक केलं, आणि परत दिली. बरोबर होतं त्यांचं. काठी एकसारख्या जाडीची नसते, तिचं एक टोक हेडवर टेकलेलं असतं, वर हाताचं वजन असतं. गणित फक्त शोधायला कुठून सुरुवात करायची ते सांगतं. बाकी शोध हातानेच घ्यावा लागतो, आणि काठी बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

तबला शिकलेल्यांना यातलं एक रहस्य ओळखीचं वाटेल. तबल्यावर 'ना' वाजवताना तर्जनी चाटेवर पडते, पण अनामिका शाईच्या कडेवर हलकेच टेकलेली असते. तिने मूळ कंपन दाबलेलं असतं म्हणूनच तो स्वच्छ, टणत्कारी 'ना' निघतो. आपल्या चर्मवाद्यांच्या या सुरेलपणावर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली लिहिलं होतं. क्रॉस-स्टिकमध्येही तेच. वाजवणाऱ्या हाताने वाद्याचा बराचसा आवाज आधी बंद करायचा, मग उरतो तो आवाज चांगला. अर्धं काम न वाजवण्याचं आहे.

आता त्या खोट्याकडे येतो.

आम्ही चार मित्रांनी मिळून एक मराठी गाणं केलं. चौघेही नोकरदार, त्यामुळे स्टुडिओ भाड्याने घेतला तो तीनच तास. गाण्याची दोन कडवी अगदी मोकळी होती, गायिकेचा आवाज, गिटार आणि माझा टक. सोळा-सोळा आवर्तनांची दोन कडवी, प्रत्येक आवर्तनात दोन टक, एकूण चौसष्ट. वेळ संपली तेव्हा चौसष्टपैकी एकोणीस वाईट होते. काही बोदे, काही 'थप', एक तर ऐकूच येत नव्हता.

रात्री घरी लॅपटॉपवर मी जे केलं ते जगभर रोज हजारो लोक करतात. संगणकीय संगीतात प्रत्येक तालवाद्याला एक क्रमांक असतो. १९९१ साली ठरलेल्या जनरल मिडी नावाच्या मानकानुसार साइड स्टिकचा क्रमांक सदतीस. विकत घेतलेल्या सॅम्पल लायब्ररीत सदतीस नंबर दाबला की कुठल्याशा चांगल्या स्टुडिओत, कुठल्याशा चांगल्या ड्रमवर वाजवलेला टक येतो. मी माझे एकोणीस टक काढून तिथे सदतीस नंबर बसवला. ते वेगळे उठून दिसायला लागले, म्हणून उरलेले पंचेचाळीसही काढले. मग सगळे फार नेटके वाटायला लागले, तेव्हा 'ह्यूमनाइज' नावाचं बटण दाबलं. त्याने प्रत्येक ठोका कणभर मागेपुढे, कणभर लहानमोठा होतो. म्हणजे माझ्या मानवी चुका काढून टाकून मी तिथे संगणकाने बनवलेल्या मानवी चुका घातल्या. दीड तास लागला. गाणं सुंदर झालं.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मी ते अंकलना फोनवर ऐकवलं. हेडफोन लावून, डोळे मिटून त्यांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "तूच वाजवलंस?"

मी म्हणालो, "मीच वाजवलं."

तुम्हाला आता वाटत असेल की त्यांनी ओळखलं. गोष्टींमधले गुरू ओळखतात. अंकलनी ओळखलं नाही. ते इतके खूश झाले की त्यांनी आतून बायकोला बोलावलं आणि तिलाही ऐकवलं. मला म्हणाले, "आता जमलं तुला. पुढच्या वेळेपासून ब्रश घेऊ."

इथेच माझा खरा प्रश्न सुरू होतो. ज्याचा कान साठ वर्षं याच कामात मुरलेला आहे त्यालाही फरक कळत नसेल, तर फरक आहे कुठे? ऐकणाऱ्यांना चांगलं गाणं मिळालं. गायिकेला तिच्या आवाजाला शोभेल असा टेकू मिळाला. अंकलना आनंद मिळाला. मला शाबासकी मिळाली. नुकसान झालं ते दाखवा.

मी स्वतःचा बचाव बराच काळ नीट मांडत होतो. पहिला मुद्दा, रेकॉर्डिंग ही मुळातच जोडजाड असते. दहा वेळा गाऊन त्यातलं उत्तम निवडतात, सूर सरळ करतात. मग माझ्याच टकवर आक्षेप का? दुसरा, मी सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या कोणत्याही प्रोग्रॅमचा मोठा भाग दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ररींनी बनलेला असतो, आणि आता तर कोड लिहून देणारी मॉडेल्सही हाताशी आहेत. चाललं म्हणजे झालं. तिसरा मुद्दा सगळ्यात भारी: गाण्याप्रती माझं काही कर्तव्य आहे की नाही? माझा हात शिकतोय म्हणून गाण्याने वाईट आवाज का सोसावा?

अॅलस्डेर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने 'आफ्टर व्हर्च्यू' या १९८१च्या पुस्तकात बुद्धिबळाचं एक उदाहरण दिलं आहे. एका मुलाला बुद्धिबळात रस नाही, पण खेळलास तर गोळ्या-चॉकलेटं देतो आणि जिंकलास तर आणखी देतो, असं त्याला सांगितलं आहे. जोवर तो चॉकलेटांसाठी खेळतोय तोवर, पकडला जाणार नसेल तर, फसवणूक न करण्याचं त्याला काहीच कारण नाही. पण एकदा का त्याला खेळातलीच गोडी लागली, की फसवणुकीने तो दुसऱ्याला नाही, स्वतःलाच हरवतो. कारण ती गोडी फसवून मिळतच नाही. मी हे वाचलं तेव्हा वाटलं की उत्तर मिळालं. पण ते माझ्या प्रकरणाला पुरं पडत नव्हतं. मी चॉकलेटासाठी नव्हतं केलं. गाणं चांगलं व्हावं ही इच्छा संगीताच्या आतलीच आहे, बाहेरची नाही. आणि गाणं खरोखरच चांगलं झालं होतं.

शिवाय अंकलचं स्वतःचं आयुष्य माझ्या बाजूने साक्ष देत होतं. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा अशाच कुठे रेकॉर्डिंगला गेलं, आणि तुमच्याकडून एखादा आवाज निघत नसला, तर काठी शेजारच्याकडे जायची. कुणी रुसायचं नाही. तबकडीवर गायकाचं नाव, संगीतकाराचं, गीतकाराचं. टक वाजवणाऱ्याचं नाही. "गाणं मोठं, आपण छोटे," हे अंकलचं नेहमीचं वाक्य. मग गाण्यासाठी मीही माझी काठी शेजारच्याकडे दिली, एवढंच. शेजारी संगणकात होता.

अर्थात याच तर्काने अंकलची रोजी गेली होती, हेही मला माहीत होतं. ज्या केरसी लॉर्डनी वर्षानुवर्षं हाताने ताल धरला, तेच हिंदी सिनेमात सिंथेसायझर आणणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक. लॉर्ड कुटुंबावर रुद्रदीप भट्टाचार्जी यांनी २०१२ साली केलेल्या माहितीपटाचं नावच आहे 'द ह्यूमन फॅक्टर'. १९९०च्या दशकात संगणक स्टुडिओत शिरले, आणि पन्नास-साठ वादकांना एकत्र बसवून गाणं करण्याची पद्धत बघता बघता मोडली. साइड रिदमवालेही गेले, कारण खुळखुळणं आणि टकटकणं यंत्राला जमलं.

म्हणजे बचाव भक्कम होता. फक्त एक अडचण होती. अंकलनी क्रॉस-स्टिक शिकवायचं बंद केलं.

का करू नये त्यांनी? त्यांच्या माहितीप्रमाणे मला ते आलं होतं. आठनंतर आता ब्रश. माझा डावा हात जिथल्या तिथे होता, एकोणीस वाईट टकांवर, आणि ते सुधारायला सांगणारा एकमेव माणूस माझ्याच सांगण्यावरून पुढच्या धड्याकडे निघून गेला होता.

माझ्या धंद्यात याला नाव नाही, पण उदाहरण आहे. आम्ही प्रोग्रॅम लिहितो आणि तो बरोबर चालतो का हे तपासायला टेस्ट लिहितो. समजा कर मोजणारा कोड लिहायचा आहे आणि टेस्टमध्ये १०० रुपयांवर १८ रुपये कर येतो का ते पाहिलं आहे. एखादा नवखा पोरगा सरळ लिहून टाकतो: १०० आले तर १८ म्हण. टेस्ट हिरवी होते. सगळे खूश. कोड मात्र काहीही मोजत नाही. इथे वाईट काय घडलं? १८ हे उत्तर चूक नव्हतं. वाईट हे, की चूक शोधायचं साधनच त्याने निकामी केलं. उद्या खरंच काही बिघडेल तेव्हा ते दाखवणारं काही उरणार नाही.

शिक्षकाची शाबासकी ही अशी टेस्ट असते. ते बक्षीस नाही, मोजमाप आहे. अंकलकडे माझा हात तपासायचं एकच साधन होतं, त्यांचा कान आणि माझ्यावरचा विश्वास यांचं मिळून बनलेलं. त्या कानाला मी दुसऱ्याचा हात ऐकवला आणि वर 'मीच' म्हणालो. सॅम्पल वापरणं हा गुन्हा नव्हता. काठी शेजाऱ्याला देणंही नव्हतं. फिल्म सेंटरमध्ये शेजाऱ्याने वाजवलेलं 'मी वाजवलं' असं कुणी म्हणत नसे. सगळा घोटाळा त्या 'च'मध्ये होता. त्यांनी 'तूच' असं विचारलं, म्हणजे त्यांना शंका नव्हती, कौतुक होतं. त्या कौतुकातला 'च' मी उचलला आणि स्वतःला लावून घेतला.

नाताळच्या आधीच्या रविवारी मी त्यांना सांगायचं ठरवलं. वाडीत घराघरांवर कागदी तारे लागले होते. अंकल स्टुलावर उभे राहून स्वतःचा तारा टांगत होते, मी स्टूल धरलं होतं. ते खाली उतरल्यावर सांगितलं. सगळं सांगितलं, एकोणीस, चौसष्ट, सदतीस, ह्यूमनाइज.

मी दोन गोष्टींची तयारी करून गेलो होतो: ते चिडतील, किंवा हसून सोडून देतील. त्यांनी विचारलं, "मग ते वाजवलं कोणी?"

"कोणी म्हणजे... सॅम्पल आहे, अंकल. लायब्ररीतलं."

"लायब्ररीत काय आपोआप वाजतं? कोणीतरी काठी धरली असेल ना."

"असेल."

"नाव काय त्याचं?"

मी फोन काढून शोधलं. लायब्ररीच्या पानावर ड्रम कुठल्या लाकडाचा ते होतं, रिम कुठल्या धातूची ते होतं, माइक कुठले, खोली केवढी, सगळं होतं. माणसाचं नाव मला सापडलं नाही. तसं मी सांगितलं.

अंकल थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच." आणि थोड्या वेळाने, "हात चांगला आहे त्याचा."

चार महिने मी या प्रश्नाचा विचार करत होतो, आणि त्यात मला दोनच माणसं दिसत होती. मी फसवलं ते अंकलना, किंवा स्वतःला. तिसरा माणूस तिथे होता हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कुठल्या तरी देशात, एखाद्या दुपारी, कुणी तरी स्नेअरवर हात ठेवून एकच टक कदाचित शंभर वेळा वाजवला असेल, हळू, जरा जोरात, आणखी जोरात. त्यानेही आधी आपली काठी बोदी-किरटी वाजवली असणार, आणि योग्य जागा हाताने शोधली असणार. त्याला त्याचे पैसे मिळाले असतील, मी लायब्ररी विकत घेतली होती, कायद्याने सगळं स्वच्छ. पण त्याने विकला होता तो आवाज. 'मीच वाजवलं' हे वाक्य त्याने मला विकलं नव्हतं. ते मी फुकट घेतलं.

आणि मला तो दिसला नाही याचं कारणही साधं आहे. त्याला क्रमांक होता. सदतीस. क्रमांकाला आपण विचारत नाही की तू कोण. मी ज्या माणसाकडून शिकतो त्याने अख्खं आयुष्य असंच बिननावाने घालवलं, त्याबद्दल मला हळहळ वाटते, त्याच्या काळाबद्दल मी मित्रांना रंगवून सांगतो. आणि तोच अन्याय माझ्या लॅपटॉपवर दीड तासात मी स्वतः केला, तेव्हा मला तो अन्याय वाटला नाही. सोय वाटली.

म्हणून माझं उत्तर आता असं आहे. गाण्यासाठी दुसऱ्याचा हात घ्यावा का? घ्यावा. गाणं मोठं हे खरंच आहे, आणि 'सगळं मीच केलं पाहिजे' हा हट्ट म्हणजे अहंकारच. यंत्रातून घेतला तरी चालेल. पण जो हात आपला नाही तो आपला नाही, हे विचारल्यावर सांगता आलं पाहिजे, आणि शक्यतो न विचारताही. ही किंमत फार नाही. दोन-चार शब्दांची आहे. ती द्यायला आपण कचरतो, कारण ते शब्द उच्चारले की शाबासकी हातातून निसटते. पण ती मुळात आपली नव्हतीच.

हे सांगणं कोडमध्ये मला तितकंच महत्त्वाचं वाटतं का? प्रामाणिकपणे, कालपर्यंत वाटत नव्हतं. आता ऑफिसात एखाद्या ज्युनिअरने दाखवलेलं काम मी तपासतो तेव्हा 'तू लिहिलंस का?' असं विचारत नाही. 'यातलं तुला काय कळलं ते सांग' असं विचारतो. पहिल्या प्रश्नाने माणूस खोटं बोलायला उद्युक्त होतो, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

मित्रांना सांगितलं तेव्हा गायिका म्हणाली, "बरं मग?" तिचंही खरं आहे. गाणं आम्ही बदललं नाही. त्याखालच्या श्रेयनामावलीत एक ओळ वाढवली: 'साइड स्टिक: एक ड्रमर, नाव मिळालं नाही.' ती वाचून कुणी काही विचारलेलं नाही.

अंकलकडे आठनंतर पुन्हा टक सुरू झालं आहे. दहातले सात बरे येतात. थंडीच्या दिवसांत आठ. 'जमलं' हा शब्द त्यांनी परत उच्चारलेला नाही. आणि एक बदल झाला आहे. पूर्वी मी काही रेकॉर्ड केलं की ते उत्सुकतेने हेडफोन मागायचे. आता मी फोन पुढे केला की मान हलवतात आणि ड्रमकडे बोट दाखवतात. "फोनवर नको. इथे वाजव."

रागाने म्हणत नाहीत. पण पूर्वी असं म्हणत नसत. हे माझ्यामुळे झालं, आणि ते दुरुस्त करायचं बटण नाही. मी काठी उलटी धरतो, हात हेडवर ठेवतो, आणि वाजवतो.